उन्हाळा, एकटं राहणं आणि दार वाजवणारा शेजारी

मृगाची_वाट (धागाकर्ती)

१९९५च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा ४१ अंशांवर गेला. नागपूरकरांना यात विशेष काही वाटणार नाही, आपल्याकडे एप्रिलातच ४१ होतात. पण तिथली विटांची घरं थंडीसाठी बांधलेली, त्यात हवा दमट, रात्रीसुद्धा उकाडा कमी होईना. त्या आठवड्यात शहरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. शवागार भरून वाहिलं, बाहेर शीतगृहाचे ट्रक आणून उभे करावे लागले.

मला त्या ७३९ जणांत कोण होतं याबद्दल लिहायचंय.

लाट ओसरल्यावर सीडीसीच्या (अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेच्या) लोकांनी एक साधं काम केलं. जे गेले त्यांच्या घरी गेले, आणि त्याच वस्तीतल्या, साधारण त्याच वयाच्या, पण वाचलेल्या माणसांच्याही घरी गेले. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले. अंथरुणाला खिळलेल्यांना धोका जास्त होता, हे कुणीही सांगेल. एसी असलेले वाचले, हेही अपेक्षितच. पण त्याच यादीत आणखी काही गोष्टी होत्या. एकटं राहणाऱ्यांना धोका जास्त. रोज घराबाहेर न पडणाऱ्यांना जास्त. आणि ज्यांची मित्रमंडळी शहरात जवळपास होती त्यांना कमी.

पुढे एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने एकेक वस्ती घेऊन हिशोब मांडला. एंगलवूड आणि ऑबर्न ग्रेशम या दोन वस्त्या शहराच्या दक्षिण भागात. दोन्हीकडे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे म्हाताऱ्यांचं प्रमाण सारखंच. एंगलवूडमध्ये लाखामागे ३३ मृत्यू झाले, ऑबर्न ग्रेशममध्ये ३. अकरा पटींचा फरक! एंगलवूडमधून त्याआधीच्या काही दशकांत निम्मी माणसं निघून गेली होती. दुकानं बंद, घरं ओसाड, संध्याकाळनंतर बाहेर पडायची भीती. ऑबर्न ग्रेशममध्ये फुटपाथवर माणसं होती, किराण्याची दुकानं उघडी होती, चर्च चालू होती आणि गल्लीगल्लीत रहिवाशांची मंडळं होती. उकाडा वाढला तेव्हा कुणाकडे जाऊन बघायचं हे तिथल्या लोकांना माहीत होतं. कारण एरवीही ते एकमेकांकडे बघतच होते.

आता हे इतकं मनाला का लागलं ते सांगते. मी नागपुरात एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. नोकरीचा बराचसा काळ मेडिसीन वॉर्डात गेला. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ) दिवसांत, उष्माघाताचे पेशंट यायचे. शेतावरचे, बांधकामावरचे, रिक्षा ओढणारे असायचेच. पण घरातून आणलेली म्हातारी माणसंही असायची. उन्हात पाऊल न टाकलेली, घरातल्या घरातच तापलेली.

उष्माघाताची एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. शरीराचं तापमान चढत जातं तसा आधी मेंदू गोंधळतो. माणूस असंबद्ध बोलायला लागतो, चिडचिड करतो, नंतर सुस्त पडतो. आपल्याला काहीतरी होतंय हे त्याला स्वतःलाच कळत नाही. म्हातारपणी तहानही नीट लागत नाही. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर पाणी आणखी कमी होतं. अशा माणसाला "काही वाटलं तर फोन करा" असं सांगून उपयोग काय? तो फोन करण्याच्या अवस्थेतच नसतो. ते दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. आणि वेळेत यावं लागतं, कारण यात तासातासाला फरक पडतो.

म्हणून पेशंट घेऊन येणाऱ्याला आम्ही विचारायचो, "ह्यांच्याशी शेवटचं नीट बोलणं कधी झालं?" कुणी म्हणायचं, "अर्ध्या तासापूर्वी, चहा द्यायला गेले तर भलतंच बोलायला लागले." कुणी म्हणायचं, "परवा." या दोन उत्तरांच्या मागून येणाऱ्या पेशंटांत काय फरक असायचा, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा.

कूलरचं उदाहरण घ्या. विदर्भात कूलर म्हणजे जीव. पण त्याची टाकी भरावी लागते. जुन्या घरात नळाला प्रेशर नाही, पाइप पोहोचत नाही, मग बादल्या ओतायच्या. पंचाहत्तरीची बाई भर दुपारी दोन-चार बादल्या उचलून खिडकीपर्यंत नेणार कशी? मग कोरडाच कूलर चालू राहतो, म्हणजे बाहेरची गरम हवा जोरात आत. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत शेजारचं पोरगं सकाळी टाकी भरून जातं. कुणी त्याला सांगितलेलं नसतं, आजीनेही मागितलेलं नसतं. तिच्या आरोग्याचा हिशोब कुठल्या कागदावर मांडलात तर बीपी, शुगर, वजन एवढंच दिसेल. ते पोरगं कुठल्याच रकान्यात येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. माणसांचं येणं-जाणं, ओळखीपाळखी ही म्हातारपणाची करमणूक असल्यासारखं आपण बोलतो. "बाबांचा वेळ छान जातो हो." ती करमणूक नाही, ती औषधपाण्याइतकीच आरोग्याची बाब आहे. नवीन कॉलनी, टॉवर, पुनर्विकास यांचं ठरवताना पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग यांची चर्चा होते. तिथे या गोष्टीचीही व्हायला हवी.

तुमच्या आसपास काय दिसतं? कुणी काही वेगळं करून पाहिलंय का?

---

डोंबिवली_लोकल

धागा आवडला. कूलरचं वाचून थबकलो. आमच्याकडे कूलर नाही, पण आईसाठी दुसऱ्या मजल्यावर पाणी चढवणारी माणसं आठवली.

'गुड मॉर्निंग'च्या मेसेजबद्दल थोडं. सगळे वैतागतात त्यावर, फोन भरतो म्हणतात. माझ्या वडिलांचा सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे. त्यात रोज सकाळी फुलांचे, देवांचे फोटो पडतात. मला वर्षानुवर्षं त्याचा अर्थ कळला नव्हता. मग एकदा एका काकांचा मेसेज आठ वाजेपर्यंत आला नाही. सव्वाआठला एकाने फोन केला, साडेआठला दोघं घरी. काका बाथरूममध्ये पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. एकटेच राहतात ते, मुलगी बंगळूरला. ती फुलं म्हणजे त्यांची हजेरी आहे!

---

गणिती

लेख चांगला आहे, पण एक शंका. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, लोकांत मिसळत नाही. म्हणजे आधी आजार, मग एकटेपण. तुम्ही उलटं सांगताय. ठणठणीत माणसं कट्ट्यावर बसलेली दिसतात आणि आपण म्हणतो कट्ट्यामुळे ठणठणीत आहेत. हे कसं वेगळं काढणार? शिकागोच्या अभ्यासात अंथरुणाला खिळलेले आणि घराबाहेर न पडणारे यांच्यात सरमिसळ असणारच.

शंका विरोधासाठी नाही. तुमचं म्हणणं खरं असेल तर ते महत्त्वाचं आहे, म्हणूनच घासून पाहायला हवं.

---

मृगाची_वाट

@गणिती, बरोबर शंका आहे आणि दोन्ही बाजूंनी ओढ असते हे मान्य. आजाराने माणूस एकटा पडतो, हे तर मी रोज बघितलंय.

पण यावर काम झालेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत १९६५ साली सुमारे ७,००० प्रौढांची माहिती घेतली आणि मग नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष छापले. लग्न, नातेवाईक-मित्रांशी भेटीगाठी, चर्च, इतर संस्था-मंडळं यांतले बंध ज्यांचे सगळ्यात कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण भरपूर बंध असणाऱ्यांच्या तुलनेत पुरुषांत २.३ पट आणि बायकांत २.८ पट होतं. सुरुवातीला तब्येत कशी होती, सिगारेट, दारू, वजन, व्यायाम, आर्थिक स्थिती हे सगळं हिशोबात धरूनही फरक उरलाच.

२०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टाड आणि सहकाऱ्यांनी असे १४८ अभ्यास एकत्र केले, मिळून तीन लाखांवर माणसं. ज्यांचे सामाजिक बंध घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. एकटा अभ्यास चुकू शकतो. एवढे सगळे एकाच दिशेला चुकतील, असं मला वाटत नाही.

---

साधा_डॉक्टर

गणितींच्या शंकेला आणखी एक उत्तर, आणि हे मला फार आवडतं कारण यात आधी काय नि नंतर काय याचा घोळ कमी आहे.

पिट्सबर्गचे शेल्डन कोहेन यांनी २७६ निरोगी स्वयंसेवक घेतले, वय १८ ते ५५. आधी प्रत्येकाला विचारलं की तुमचा नियमित संबंध किती प्रकारच्या माणसांशी येतो. जोडीदार, आई-वडील, सासरचे, मुलं, शेजारी, मित्र, कामावरचे, मंडळातले, देवळातले असे बारा प्रकार. मग सगळ्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि वेगळं ठेवून पाहिलं. विषाणू सगळ्यांना सारखाच दिलेला. तीन किंवा त्याहून कमी प्रकारची नाती असणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका, सहा किंवा जास्त प्रकारची नाती असणाऱ्यांच्या चौपट होता. हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं.

यातली खोच बघा. माणसं *किती* यापेक्षा माणसं किती *तऱ्हेची*, याला वजन होतं. मला यावरून निवृत्त झालेले पेशंट आठवतात. चाळीस वर्षं एकच ऑफिस, सगळे मित्र ऑफिसातले. निवृत्तीच्या दिवशी एकदम सगळं जातं. घरी बायको असते, तिच्या स्वतःच्या भिशी, भजन, बहिणी असतात. याच्याकडे टीव्ही. वर्षभरात शुगर हाताबाहेर, झोप नाही, छातीत धडधड. तपासण्या करून काही निघत नाही.

शरीरात काय होतं याचं थोडक्यात: आपल्या पाठीशी कुणी नाही अशी भावना दीर्घकाळ राहिली की शरीर सतत सावध असतं. झोप तुटक होते, ताणाची संप्रेरकं चढी राहतात, रक्तदाब वाढतो, अंगातला दाह वाढतो. हृदयाचे आणि मेंदूचे आजार त्यातूनच पुढे सरकतात. आणखी एक सरळ रस्ता आहे. कुणी विचारणारं असेल तर माणूस गोळ्या वेळेवर घेतो, तपासणीला येतो. माझ्या दवाखान्यात सोबत कुणीतरी आलेला पेशंट आणि एकटा आलेला पेशंट, यांत सांगितलेलं नीट लक्षात कुणाच्या राहतं हे मी न सांगताही कळेल.

---

रोखठोक_वहिनी

सगळं पटतंय, आणि तरी मला जे म्हणायचंय ते म्हणते.

हे बंध टिकवतं कोण? वाड्यात राहिलेल्या कुठल्याही सुनेला विचारा. माझ्या सासरी दिवसभर माणसांचा राबता असायचा. सासऱ्यांची तब्येत शेवटपर्यंत उत्तम, रोज दहा माणसं येऊन बसायची, गप्पा, पत्ते. त्या दहा माणसांचा चहा दिवसातून तीनदा कोण करत होतं? सासूबाई आणि नंतर मी. सासूबाईंना बसायला वेळ नव्हता, त्यांचे गुडघे गेले, पाठ गेली. त्यांच्या मैत्रिणी कोण, हे मी लग्नानंतर कितीतरी वर्षं ऐकलंच नाही. त्यांना माहेरी जायला सवड नव्हती, देवळात जायला परवानगी लागायची. माणसांनी भरलेल्या घरात त्या एकट्याच होत्या.

तेव्हा "पूर्वी एकत्र कुटुंबं होती, शेजार होता, म्हणून माणसं निरोगी होती" हे सरसकट वाक्य कृपा करून कुणी लिहू नका. चारचौघांतली बाई आणि चौघांच्या सेवेतली बाई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सासूबाई खऱ्या अर्थाने खुलल्या त्या साठीनंतर, भजनी मंडळात जायला लागल्यावर. दर गुरुवारी दोन तास घराबाहेर, स्वतःच्या नावाने ओळखणाऱ्या बायकांमध्ये. मंडळाची पेटी त्यांच्याकडे असायची, वर्गणीचा हिशोब त्या लिहायच्या. तेव्हा त्यांचं डोकं दुखणं थांबलं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, मला अभ्यासाची गरज नाही.

माणसं जोडा म्हणताना हे विचारा, की त्या माणसाला तिथे बसायला जागा आहे का, की ती फक्त उठबस करतेय?

---

मृगाची_वाट

@रोखठोक_वहिनी, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. वॉर्डातही हेच. पेशंट पुरुष असेल तर उशाशी बायको, बहीण, मुलगी, कुणीतरी बाई असतेच. पेशंट बाई असेल तर दुपारनंतर उशाशी कुणी नाही, कारण घरचा स्वयंपाक आता कोण करणार म्हणून सोबतची बाईसुद्धा घरी गेलेली.

आणि शिकागोत याची उलट बाजू दिसली. शहरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांत बायकाच जास्त होत्या, पण वयाचा हिशोब धरला तर त्या लाटेत मेलेल्यांत पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून जास्त. बायकांनी आयुष्यभर नाती सांभाळलेली असतात, ती म्हातारपणी त्यांच्या कामी येतात. पुरुषांची नाती बऱ्याचदा बायकोने सांभाळलेली असतात. ती गेली की दोन्ही जातं.

---

पश्चिमवारा

शिकागोच्या उपनगरात राहतो, त्यामुळे धागा उघडल्याबरोबर वाचला.

तुम्ही लिहिलेल्या दोन वस्त्यांसारखीच आणखी एक जोडी आहे, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. अगदी एकमेकींना लागून. नॉर्थमध्ये १९ मृत्यू झाले, साउथमध्ये ३. साउथ लॉनडेलला लोक लिटल व्हिलेज म्हणतात, मेक्सिकन वस्ती. तिथल्या २६व्या रस्त्यावर मी अधूनमधून जातो. रस्त्याच्या तोंडाशी मोठी कमान आहे. आत गेलं की दोन्ही बाजूंनी दुकानं, बेकऱ्या, फुटपाथवर कापलेली फळं आणि मक्याची कणसं विकणाऱ्या गाड्या, पोरंबाळं घेऊन फिरणाऱ्या आज्या. मला तर दादरची आठवण येते. अशा रस्त्यावर म्हाताऱ्या माणसाला उकाड्यातही बाहेर पडावंसं वाटतं. दुकानात शिरलं की तिथे एसी असतो, आणि दुकानदार ओळखीचा असतो. नॉर्थच्या मोकळ्या, पडलेल्या प्लॉटांमधून चालत कुठे जाणार, आणि कशासाठी?

लॅटिनो लोक तेव्हा शहराच्या लोकसंख्येत जवळपास चौथा हिस्सा होते, मृतांमध्ये त्यांचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. गरिबी त्यांच्यातही होतीच.

शहर यातून शिकलं. १९९९ मध्ये पुन्हा लाट आली तेव्हा महापालिकेने थंड जागा उघडल्या, तिथे जायला बस दिल्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फोन केले, माणसं घरी पाठवली. त्या वेळी मृत्यू ११०च्या आसपास. तेही खूपच, पण ७३९ नाहीत.

जाता जाता आमच्याबद्दल. इथल्या मराठी घरांत आता आई-वडील सहा सहा महिने येऊन राहतात. उपनगरात गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, मुलं-सुना कामावर. दिवसभर मोठ्या घरात दोघंच. त्यांचा रक्तदाब इथे आल्यावर वाढतो आणि आपण म्हणतो हवा मानवत नाही. आमच्या भागात आता चार घरांनी मिळून आठवड्यातून तीन दिवस ठरवलेत. सगळे आजी-आजोबा एका घरी जमतात, ने-आण आम्ही आळीपाळीने करतो. जेवण प्रत्येकाने डब्यात आणायचं, यजमानीणबाईने काही करायचं नाही. (वहिनी, हा नियम आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे.)

---

सीनाकाठ

मी जामखेड भागातला. आमच्याकडे हा विषय नवा नाही.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दुष्काळी मुलूख, बालमृत्यू प्रचंड. त्यांना लवकर कळलं की दवाखाना कितीही चांगला चालवला तरी माणसं गावात आजारी पडतात आणि गावातच बरी व्हायला हवीत. त्यांनी गावोगाव शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी केली आणि गावाने निवडलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. यातल्या बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित समाजातल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. सुरुवातीला त्यांना कुणी दारात उभं करायचं नाही. बाळंतपणं सुखरूप व्हायला लागली, जुलाब झालेली पोरं साखर-मिठाच्या पाण्याने वाचायला लागली, तसा त्यांना मान मिळत गेला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती विहिरींची गोष्ट. दुष्काळात बोअर घ्यायच्या होत्या. त्या दलित वस्तीत पडतील असं आरोळ्यांनी पाहिलं. पाणी तिथे, मग सगळ्या गावाला तिथे यावंच लागलं. स्वच्छ पाण्याने जुलाब कमी झाले ही एक गोष्ट. पण जिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथे रोज सकाळी घागर घेऊन उभं राहायचं, ही दुसरी.

म्हणून धाग्यात एक भर घालतो. गावात शेजार होता हे खरं, पण तो सगळ्यांना होता का? वेशीबाहेरच्या माणसाची चौकशी करायला वेशीआतलं कोण जात होतं? घट्ट समाज हा आतल्या माणसासाठी आधार असतो आणि बाहेर ठेवलेल्यासाठी भिंत. आणि भिंतीबाहेर राहण्याचीही किंमत तब्येतीनेच मोजावी लागते.

---

खाडीपलीकडे

+१ सीनाकाठ.

रायगड जिल्ह्यातला आहे, त्यामुळे वाळीत टाकणं जवळून पाहिलंय. घर, शेत, पैसा सगळं जागेवर असतं. फक्त कुणी बोलत नाही. दुकानदार सामान देत नाही, लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबावर ही वेळ आली. वर्षभरात त्या घरातल्या कर्त्या माणसाचं वजन निम्म्यावर आल्यासारखं दिसायला लागलं, झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या, शाळेतली मुलगी सतत पोटदुखीने घरी. डॉक्टरांना काही सापडेना. सापडणार कसं?

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. कायद्याने पोलीस येतात, गुन्हा दाखल होतो. पण सकाळी रस्त्यात "काय, कसं काय?" विचारायला कायदा कुणाला भाग पाडू शकत नाही. त्यासाठी एका तरी शेजाऱ्याने आधी तोंड उघडावं लागतं. त्या कुटुंबाकडे पहिला चहा प्यायला गेला तो शाळेतला शिपाई. मग हळूहळू बाकीचे.

---

चौथा_मजला

वाचतोय सगळं. वय ७१, पत्नी जाऊन काही वर्षं झाली, पुण्यात एका टॉवरमध्ये राहतो. मला गर्दी आवडत नाही, कधीच आवडली नाही. हास्यक्लब, सहली, वाढदिवसाचे केक, यात मला कुणी ओढलं की दमायला होतं. एकटं राहणं आणि एकटं वाटणं यांत फरक आहे, हे धाग्यात कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी पुस्तकं वाचतो, स्वयंपाक करतो, माझं बरं चाललंय.

पण उष्माघाताबद्दलचा परिच्छेद वाचून विचारात पडलो. माझं मन कितीही रमत असलं तरी मी पडलो तर कळणार कुणाला? पेपरवाला पेपर दाराबाहेर टाकून जातो. दूध पिशवीत अडकवलेलं असतं. कामवाली बाई एक दिवसाआड येते. म्हणजे दोन दिवस सहज निघतील. मला मैत्री नको आहे. कुणाच्या तरी लक्षात यावं एवढंच हवंय. हे कसं मागायचं, ते कळत नाही.

---

मृगाची_वाट

@चौथा_मजला, काका, तुम्ही इतकं स्पष्ट लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमचा फरक अगदी बरोबर आहे. संशोधनातही एकटं पडणं आणि एकटं वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात, आणि दोन्ही आपापल्या परीने धोक्याच्या निघतात. तुम्हाला दुसरी नाही, पहिली आहे. आणि पहिलीची सोय करता येते.

सगळ्यात आधी, कामाच्या बाईंशी बोला. ज्या दिवशी त्या येत नाहीत त्या दिवशी जाताना पेपर दारात तसाच दिसला तर बेल वाजवा, असं पेपरवाल्याला किंवा समोरच्या फ्लॅटवाल्यांना सांगा. यात लाजण्यासारखं काहीही नाही, उलट सांगितलेलं लोकांना आवडतं. किल्लीची एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे हवीच. दार तोडण्यात वेळ जातो, आणि दार तोडायला लागेल या संकोचाने लोक आधी बराच वेळ नुसते बाहेर उभे राहतात. वॉर्डात आलेल्या कितीतरी नातेवाइकांकडून हे ऐकलंय. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही एल्डरलाइन आहे, तो नंबर फोनजवळ लिहून ठेवा.

आणि मैत्री नको असली तरी रोज एकाच वेळी एकाच ठिकाणाहून भाजी घ्या. भाजीवाली तुम्हाला ओळखायला लागेल. तेवढंही पुष्कळ काम करतं.

---

गणिती

माझ्या शंकेची उत्तरं मिळाली, साधा_डॉक्टर आणि धागाकर्ती दोघांचे आभार. सर्दीचा प्रयोग विशेष पटला.

एक भर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालात एकटेपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे ८,७१,००० सांगितलेत, म्हणजे तासाला साधारण १००. जगात सहातल्या एकाला एकटेपणा छळतो असंही त्यात आहे. तरुणांतही प्रमाण बरंच आहे. धाग्यात आपण सगळे म्हाताऱ्यांबद्दलच बोलतोय. पुण्यात पीजीमध्ये राहून परीक्षांची तयारी करणारी पोरं, चार-पाच वर्षं एका खोलीत, एका खाणावळीत, निकालाच्या दिवशी कुणाशी न बोलणारी. त्यांच्यासाठी कुणी यादी करतं का?

---

इतवारीची_पोर

ताई, मी तुमच्याच गावची. आता नागपुरातच बेसा भागात नवीन स्कीममध्ये राहते. सहा मजले, बहुतेक घरांत एसी, तरी वीज गेली की सगळं बंद. गेल्या मे महिन्यात दुपारी लाइट गेली तेव्हा लक्षात आलं की कोणत्या घरात कोण म्हातारं आहे हे मला आमच्या मजल्यापुरतंच माहीत होतं.

येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. उन्हाळ्यासाठी यादी करायचं मांडणार आहे. त्यात नेमकं काय लिहून घ्यावं? लोक म्हणतील ही खासगी माहिती कशाला हवी.

---

मृगाची_वाट

@इतवारीची_पोर, कमीत कमी लिहून घे. आजारांची नावं अजिबात विचारू नकोस, तिथेच लोक बिथरतात. नाव, फ्लॅट, घरात दिवसा एकटं कोण असतं, बोलावल्यावर पटकन येईल अशा माणसाचा नंबर, आणि किल्ली कुणाकडे. बस.

मग प्रत्येक मजल्यावर दोन माणसं ठरवा, एकच नको, कारण एक गावाला जातो. त्यातला एक तरी दिवसभर घरी असणारा हवा. पारा ४४च्या वर असेल त्या दिवशी दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा दार वाजवायचं. फोनवर "बरं आहे" सगळेच म्हणतात. समोर बघितलं की कळतं. बोलणं सरळ आहे का, अंग कोरडं आणि तापलेलं आहे का, सकाळपासून लघवीला गेलेत का. काही वेगळं दिसलं तर थंड पाण्याने अंग पुसायला घ्या, पंखा लावा आणि १०८ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं.

यादीत वॉचमनचं कुटुंबही घाल. पार्किंगमधल्या पत्र्याच्या खोलीत राहतात ती माणसं, बहुतेक सोसायट्यांत त्यांचं नाव राहून जातं.

---

इतवारीची_पोर

वॉचमनकाकांचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. लिहून घेतलं. सभेत किल्लीवरून वाद होणार हे नक्की, पण बाकीचं मान्य करून घेते. काय ठरलं ते इथेच कळवते.

---

चौथा_मजला

समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाला आज किल्ली दिली. इंजिनियरिंगला आहे. त्याने विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे बुद्धिबळाचा पट आहे का?" पट आहे. शनिवारी येतोय म्हणाला.